उताराची हाक

"शब्द टाकणार की नाही, आप्पा? एवढंच सांगा."

हेमराजनं तिसऱ्यांदा विचारलं.

धुडकू आप्पा बोलले नाहीत. बोलणार कसे? गळ्यावर वस्तरा होता.

वस्तरा भिकनच्या हातात होता. आणि मी, वामन, ज्याचं एसटी स्टँडसमोर केस कापायचं दुकान आहे तो, खांबाला टेकून वाटीत साबण घुसळत होतो. आप्पांच्याच ओट्यावर. एकादशीची सकाळ, दहा वाजले असतील.

चार वाजता बालाजीचा रथ निघायचा होता. उतरून नदीवर जाईल की नाही, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हलू नका आप्पा," भिकन हळूच म्हणाला.

"मी कुठं हलतोय? तो हलतोय."

खरंच होतं. हेमराज ओट्याखाली येरझारा घालत होता. पांढरा सदरा, कडक इस्त्री. दाढी मात्र कालची. रात्रभर झोपला नसणार.

आमचा रथ ज्यानं पाहिला नाही त्याला आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तीन मजली लाकडी धूड. ब्रेक नाही, वळवायचं चाक नाही. देवळापासून बाजारपेठेपर्यंत सपाट रस्ता, तिथवर शाळेतली पोरंही ओढतील. पुढं नदीकडं उतार. त्या उतारावर रथाला आवरतात सहा माणसं, चाकाखाली मोगरी सारून. मोगरी म्हणजे बाभळीच्या लाकडाची पाचर. सपाटीवर लांब दांड्याची चालते. उतारावर दांडा उडतो, म्हणून हातानंच लावावी लागते. चाक माणसाच्या उंचीचं, आणि हात त्या चाकाच्या तोंडाशी.

त्यात आणखी एक. मोगरीवाल्यानं चाकाकडं बघायचं नाही. बघितलं की हात कचरतो. मान खाली घालायची आणि हाक ऐकायची. 'लाव' म्हटलं की लावायची, 'सोड' म्हटलं की ओढायची.

हाक देणारा एकच. तो रथाच्या पुढं उलट्या पावलांनी चालतो. तोंड चाकाकडं, पाठ पुढं बघत उभ्या असलेल्या गावाकडं. चाक त्याला दिसतं, फक्त त्यालाच. बाकीचे सहा जण त्याच्या डोळ्यांवर आपले हात टाकतात.

चाळीस वर्षं ती हाक आप्पांची होती. मग छातीनं दगा दिला, आवाजाचा नुसता फुसका वारा उरला. तीन वर्षांपूर्वी त्यांनी हाक हेमराजला दिली. स्वतः शिकवली, पहाटे रिकाम्या उतारावर त्याला उलटं चालवून. दुसरा चेला केला नाही.

हेमराज म्हणजे आमच्या गावचा हिरा. असं त्याचाच फलक म्हणतो, माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर लागलेला. तालुक्याला त्याचा वर्ग चालतो. नेतृत्व कसं करावं, चार माणसांत कसं बोलावं, उभं कसं राहावं, लोकांचा विश्वास कसा मिळवावा. तीन हजार रुपये फी. मी म्हटलं होतं त्याला, आमच्या खुर्चीत बस, फुकटात शिकवतो. हसला होता बिचारा. वाईट पोरगा नाही तो. तेच तर दुखतं.

गेल्या वर्षी उतारावर भिकनची दोन बोटं गेली. उजव्या हाताची, करंगळी आणि तिच्या शेजारचं.

पंचांनी विचारलं तेव्हा हेमराज म्हणाला, "हाक वेळेवर होती."

एवढंच म्हणाला. भिकनचं नाव घेतलं नाही. बाकीचं गावानं केलं. भिकन पूर्वी प्यायचा. सोडून पाच वर्षं झाली होती, पण गावाला आठवायला काय लागतं? 'घेतली असंल सकाळी.' झालं. शिक्का बसला.

सुतारकाम करायचा तो. रंधा धरवेना, म्हणून मी त्याला दुकानात घेतला. वस्तरा तीन बोटांत बसतो. आणि हात इतका हलका, की माझ्याहून हलका. खोटं कशाला बोलू? पण त्याच्या खुर्चीत कुणी बसत नाही. गिऱ्हाईक माझ्यासाठी तासभर ताटकळेल, तोच पेपर तीनदा वाचेल, पण भिकनला गळा द्यायचा नाही. वर्षभरात त्यानं दोनच माणसांच्या दाढ्या केल्या. एक मी, एक आप्पा.

आणि काल संध्याकाळी सहाही मोगरीवाले पंचांकडं गेले. म्हणाले, हेमराजच्या हाकेवर आम्ही हात घालणार नाही.

शिवी नाही, भांडण नाही. नुसतं नाही.

का, म्हणून विचारलं तेव्हा एकजण एवढंच म्हणाला, "वर्षात तो भिकनच्या दारात गेला नाही."

पंचांनी बारापर्यंत मुदत दिली. तोवर हेमराजनं सहा जणांचं मन वळवलं तर ठीक. नाहीतर रथ बाजारपेठेतूनच माघारी फिरवायचा, आणि हाक हेमराजकडून कायमची काढून घ्यायची. आजवर रथ नदीवर गेला नाही असं एकदाही झालेलं नव्हतं.

म्हणून तो आला होता. गुरूचा शब्द मागायला.

"आप्पा, वेळ नाही हो."

भिकननं वस्तरा उचलला. आप्पांनी मान सरळ केली.

"काय कमी पडतंय तुला?"

"तेच तर कळत नाही! आवाज तुमच्याहून बरा आहे, तुम्हीच म्हणालात."

"आहे."

"पाऊल?"

"पक्कं."

"मग?"

"त्या सहा जणांना काय सांगणार आहेस? मला सांग आधी."

हेमराज थांबला. सदरा नीट केला. पाय जरासे फाकवून उभा राहिला, हात मोकळे सोडले, श्वास घेतला. वर्गात शिकवतो तसं.

"भावांनो. हा रथ माझा नाही, तुमचा नाही, आपला आहे. आपल्या बापजाद्यांनी तो आपल्या हातात दिलाय. गेल्या वर्षी आपल्याकडून एक दुर्दैवी घटना घडली. ती आठवून आजही माझ्या काळजाला चर्र होतं. पण त्यातून आपण शिकलो. विश्वास तुटायला एक क्षण लागतो, आणि जोडायलाही एकच क्षण पुरतो. आज तो क्षण आहे. माझ्या डोळ्यांत बघा, आणि एकदा... फक्त एकदा... हात द्या."

माझ्या अंगावर काटा आला. खरं तेच सांगतो. हातातला ब्रश थांबला होता. भिकनसुद्धा मान खाली घालून ऐकत होता.

आप्पा म्हणाले, "छान."

हेमराजचा चेहरा उजळला.

"घटना घडली, तिथपासून पुन्हा म्हण."

"गेल्या वर्षी आपल्याकडून एक दुर्दैवी घटना..."

"कुणाकडून?"

"आपल्याकडून."

"आपण म्हणजे कोण कोण?"

"सगळेच, आप्पा. असं एकट्यावर घ्यायचं नसतं. सगळ्यांना बरोबर घेऊन बोलायचं असतं."

"वामन होता का त्यात?"

मी दचकलो. "मी दुकानात होतो आप्पा. मला कशाला ओढता?"

"मी इथं ओट्यावर होतो," आप्पा म्हणाले. "आम्हा दोघांना वगळ. आता मोज."

हेमराजनं सदऱ्याची बाही सारखी केली.

भिकननं उगाचच वस्तरा पुन्हा पट्ट्यावर घासला. त्याला वाटलं असणार, मोजणी आपल्यापाशी येऊन थांबणार. वर्षभर त्याला तेच वाटत आलं होतं. मान आणखी खाली गेली. मला त्याच्याकडं बघवेना.

"भिकन," आप्पा म्हणाले, "आत जाऊन पाणी गरम कर. हे थंड झालं."

भिकन आत गेला.

हेमराज लगेच पायरी चढून वर आला. आवाज खाली, पण धार होती. "आप्पा, तुम्ही माझी परीक्षा घेताय. घ्या. पण आजचा दिवस सोडा. तुमच्या एका शब्दावर ते सहाही जण येतील. चाळीस वर्षं त्यांनी आणि त्यांच्या बापांनी तुमचं ऐकलंय. आज तर तुम्हाला आवाजसुद्धा नाही, तरी ऐकतील. ते काय आहे तुमच्याजवळ, जे मला देत नाही तुम्ही?"

आप्पा खोकले. बराच वेळ खोकले.

मला एक जुनी गोष्ट आठवली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. रथ उतारावर मध्यात, पन्नास माणसं मागून दोर ताणून धरलेली, घामानं निथळतायत. आणि आप्पांनी रथ थांबवला. चांगला थांबवला, आणि मोगरीवाल्यांना सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आत्ताची हाक माझी चुकली. अर्धं पाऊल उशिरा दिली." कुणाला काही झालेलं नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. दोरवाल्यांनी शिव्या घातल्या, माझा बाप हसला, म्हणाला, हा कसला रे पुढारी! मग आप्पा म्हणाले, "लाव." सहा हात पटकन चाकाखाली गेले.

माझा बाप तेव्हा हसायचा थांबला होता. का, ते मला त्या वयात कळलं नाही.

खोकला थांबला. आप्पांनी माझ्याकडं बघितलं.

"वामन, तुझ्या दुकानात रथाचा जुना फोटो आहे ना, तुझ्या बापानं लावलेला?"

"आहे की."

"त्यात मी दिसतो?"

"दिसता. म्हणजे पाठ दिसते."

"माझं तोंड दिसेल असा एखादा? चाळीस वर्षांतला?"

मी डोकं खाजवलं. देवळातले आठवले, पंचांच्या बैठकीतले आठवले. सगळे फोटो रस्त्यावरून काढलेले, आणि आप्पांचं तोंड कायम चाकाकडं. "नाही आप्पा. एकही नाही."

"आणि स्टँडवरच्या फलकावर?"

"तिथं तुमचा कुठं आहे? तिथं हेमराजचा..."

आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली.

वर्षभर, रोज सकाळी शटर वर करताना मी तो फलक बघत होतो. हेमराज, हात उंच केलेला, तोंड उघडं, हाक देतानाचा. डोळ्यांत चमक. आणि त्याच्या मागं, त्याच्या पाठीमागं, रथाचं चाक. चाकाशी वाकलेली एक पाठ. ती भिकनची.

अरे देवा. वर्षभर! आख्खं गाव त्या फलकाखाली उभं राहून एसटीची वाट बघतं. एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आणि मी स्वतःला फार शहाणा समजतो.

हेमराज पांढराफटक पडला होता.

"त्या दिवशी मी इथंच बसलो होतो," आप्पा म्हणाले. "उताराची हाक इथवर येते. ऐकली. आवाज रथाकडं जात नव्हता. गावाकडं येत होता."

"आप्पा..."

"फोटोवाला तूच बोलावला होतास?"

हेमराजनं मान हलवली. "फलकासाठी. एकच फोटो. तीन पावलं फक्त वळलो होतो. तीन पावलं."

"हं."

"मला वाटलं चाक अजून मागं आहे."

"हं."

आत स्टोव्हचा आवाज येत होता. भिकन काहीतरी गुणगुणत होता.

हेमराजनं आतल्या दाराकडं बघितलं. "त्याला... सांगितलंत?"

"नाही. सांगणारही नाही. वामनही सांगणार नाही."

मी काहीतरी बोलणार होतो. आप्पांनी नुसतं बघितलं, मी गिळलं.

"आणि शब्द हवा ना तुला? टाकतो. आत्ता निरोप पाठवतो त्या सहा जणांना, की आप्पा म्हणतात हेमराजच्या हाकेवर जा. येतील ते. चार वाजता हाक तुझी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हेमराजलाही तसंच वाटलं असावं.

"खरंच?"

"खरंच. फक्त एक कर. रथाच्या दिवशी असं दाढी वाढवून जाऊ नये. बस पाटावर. भिकन करेल."

मला आप्पांचा संताप आला. साफ सांगतो, संताप आला. तो म्हातारा वाकून नमस्कार करावा असा, पण त्या घटकेला वाटलं, ब्रश फेकावा आणि निघून जावं. वर्षभर ज्या माणसानं दुसऱ्याची इज्जत दाबून ठेवली, त्याला बक्षीस? आणि वर त्याची दाढी भिकननं करायची?

हेमराज पाटावर बसला. काय करील? मिळालं होतं ना मागितलेलं.

भिकन पाणी घेऊन बाहेर आला. पाटावर हेमराजला बघून जागीच थांबला.

"हेमराजभाऊ... तुम्ही? माझ्याकडून?"

"आप्पा म्हणाले."

भिकनचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. त्यानं नवा टॉवेल काढला. वस्तरा दोनदा धुतला. फेस लावताना तीन बोटं इतकी जपून फिरत होती, जसं तान्ह्या लेकराला न्हाऊ घालतोय.

"बरं झालं भाऊ तुम्ही बसलात," तो म्हणाला. "आज तुम्ही गावातून जाल. लोक विचारतील, दाढी कुणी केली. तुम्ही सांगा, भिकननं. तुमचं ऐकतात लोक. उद्या दोन-तीन गिऱ्हाईकं तरी बसतील."

हेमराजनं गाल पुढं केला.

वस्तरा डाव्या गालावरून खाली आला. एक पट्टा, दुसरा पट्टा. खरखर एवढाच आवाज. डावा गाल झाला. हनुवटीखाली वस्तरा गेला तशी हेमराजच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली.

"भिऊ नका," भिकन म्हणाला. "रथाला माझा हात चुकला, ते खरं. पण वस्तऱ्याला नाही चुकत."

हेमराजनं डोळे मिटले...

"वर्ष झालं भाऊ, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. तुमच्या घरी यायचा धीर नाही झाला. माझ्यामुळं तुमच्या हाकेला बट्टा लागला. माझा हात वेळेवर गेला असता तर आज ही वेळ तुमच्यावर आली नसती. माफ करा मला."

देवळाकडं नगारा सुरू झाला होता. अकरा वाजले असावेत.

"भिकन," हेमराज म्हणाला.

"बोलू नका भाऊ. गळ्यावर आहे. लागंल."

"तुझा हात चुकला नव्हता."

वस्तरा थांबला. होता तिथंच, गळ्यावर.

"भाऊ, बोलू नका म्हटलं ना..."

"हाक उशिरा आली. माझं तोंड रस्त्याकडं होतं. मी फोटो काढून घेत होतो. चाक बघितलंच नाही मी. न बघता ओरडलो, लाव. तू हाकेवर हात घातलास. चाक तोवर आलं होतं." त्याचा आवाज फाटला. वर्गात शिकवतो तसला नव्हता तो, भलताच बारीक, चिरका आवाज. "पंचांपुढं मी खोटं बोललो. मी चुकलो, भिकन. मी."

बोलताना घाटी हलली, आणि वस्तऱ्याखाली रक्ताची बारीक रेघ उमटली. फेसात गुलाबी झाली.

हे सगळं तो पाच मिनिटांनी बोलला असता तर? वस्तरा बाजूला गेल्यावर? त्याचं त्यालाच माहीत. मी फक्त जे बघितलं ते सांगतोय.

भिकन तसाच वाकलेला.

"म्हणजे," तो म्हणाला, "मी प्यालो नव्हतो?"

"नव्हतास."

"नक्की?"

"भिकन..."

"बायकोनं विचारलं होतं मला. दवाखान्यात. घेतली होती का हो, म्हणून. मी नाही म्हटलं. मग सासऱ्यानं विचारलं, भावानं विचारलं. सगळेच विचारत होते. दिवाळीपर्यंत मी नाही म्हणत होतो. मग मलाच वाटायला लागलं, की असंल घेतली. आठवत नसंल आपल्याला. शेवटी सांगून टाकलं तिला. म्हटलं, हो, घेतली होती." त्यानं हेमराजकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. "ती रडली हो. दोन दिवस जेवली नाही. मी माझ्या तोंडानं सांगितलं तिला, की घेतली होती."

तीन बोटांतला वस्तरा थरथरायला लागला.

मी उठलो. उठणारच. गळा होता तो.

आप्पांनी हात वर केला. बस.

मी बसलो. आयुष्यात इतकं अवघड कधी बसलो नव्हतो.

हेमराज हलला नाही. मानही मागं घेतली नाही. डोळे उघडे होते, भिकनकडं.

मग भिकननं वस्तरा उचलला. फडक्यानं पुसला, मिटला, खिशात टाकला. ओट्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसला, आमच्याकडं पाठ करून. खांदे हलत होते.

नगारा तेवढा वाजत होता.

हेमराज पाटावर तसाच. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर फेस वाळत चाललेला. गळ्याशी रक्ताचा थेंब.

मग म्हणाला, "आप्पा, निरोप पाठवू नका. शब्द नको मला तुमचा. मीच जातो त्या सहा जणांकडं. मग पंचांकडं. हेच सांगतो. आणि भिकनच्या घरी जातो, वहिनींना सांगतो."

आप्पांनी मान हलवली.

"हाक काढून घेतील माझ्याकडून."

आप्पांनी पुन्हा मान हलवली. काढून घेतील म्हणून, की घेऊ दे म्हणून, कळलं नाही.

"मग रथ?"

"रथाचं रथ बघेल. पावणेबारा होतील आता."

हेमराज उठला. गालाला हात लागला तसा फेस हाताला आला. त्याला एकदम भान आलं.

"वामनकाका, एवढं उरलेलं उरकून द्या ना. दोन मिनिटं."

मी सवयीनं वाटी उचलली.

"वामन," आप्पा म्हणाले. "ठेव ती."

मी ठेवली.

"आप्पा, असा कसा जाऊ? अर्ध्या दाढीनं? आख्ख्या गावातून जायचंय. स्टँडवरून. त्या फलकाखालून." त्याला रडू फुटायचं बाकी होतं. "लोक हसतील. थांबवून विचारतील, हे काय म्हणून. काय सांगू मी?"

आप्पा पायरीकडं बघत होते, भिकनच्या पाठीकडं...

"सांग, भिकन करतोय. व्हायचीय अजून."